शिल्पकुंडी आणि पाण्याची वाट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात घरात ठेवण्याजोग्या, हाताने घडवलेल्या शिल्पकुंड्यांविषयी लिहिताना आम्ही असे म्हटले होते की टाकाऊ किंवा आसपास सापडणाऱ्या वस्तूंना आकार देणे फारसे अवघड नसते. त्या आकारात शिरलेले पाणी कोठे जाणार, हे ठरवणे अवघड असते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेक पत्रे वेगवेगळ्या साहित्याविषयी असली, तरी फिरून पाण्यापाशीच येतात, त्यामुळे काही गोष्टींचा पुन्हा उल्लेख होईल. पत्रलेखकांची नावे त्यांच्या गावापुरतीच ठेवली आहेत.

प्रश्न : माझ्या सासूबाई वर्तमानपत्राच्या लगद्यात मेथ्या वाटून घालत आणि तो पातेल्यावर थापून दुरड्या करीत. त्यांतली एक दुरडी आजही आमच्याकडे धडधाकट आहे. त्याच पद्धतीने माशाच्या आकाराची मोठी कुंडी करून ती दिवाणखान्यात ठेवण्याचा माझा विचार आहे. ती पाण्याने विरघळणार तर नाही ना?
(एक वाचक भगिनी, ठाणे)

उत्तर : आपल्या सासूबाईंची दुरडी टिकली याचे कारण तिच्यात कोरड्या वस्तू ठेवल्या गेल्या. त्याच लगद्याच्या कुंडीत थेट ओली माती भरली, तर ती एका दिवसात विरघळणार नाही, पण काही आठवड्यांत तळाशी मऊ पडेल, तिला बुरशी धरेल आणि उचलताना तळ हातात येईल. म्हणून कागदाच्या लगद्याचा मासा हे शिल्प मानावे आणि झाड त्याच्या पोटात बसणाऱ्या वेगळ्या कुंडीत लावावे. ही आतली कुंडी प्लॅस्टिकची, पत्र्याची किंवा चिनी मातीची असली तरी चालेल, कारण ती दिसणार नाही. रोपवाटिकेतून रोप ज्या काळ्या कुंडीत येते, तीच बहुधा पुरते. पाणी घालण्याच्या दिवशी आतली कुंडी उचलून मोरीत न्यावी, पाणी घालून ती पूर्ण निथळू द्यावी आणि मगच माशाच्या पोटात परत ठेवावी. तेवढी एक सवय पाळली की कागदाची कुंडी अनेक वर्षे टिकू शकते.

आता कृतीविषयी. कागद फाडून दोन-तीन दिवस पाण्यात भिजवावा, पाणी बदलावे, मग तो कुटून किंवा थोडा थोडा मिक्सरमधून काढून घट्ट पिळावा. भिजवून वाटलेल्या मेथ्यांचा चिकटपणा लगदा बांधून ठेवतो आणि त्यांच्या कडवटपणामुळे कीड दूर राहते. किलोभर कोरड्या कागदाला मूठ-दोन मुठी मेथ्या घेण्याचा अंदाज बरा आहे. अधिक बळकटी हवी असेल तर चिंचोक्याची खळ वापरावी. सावंतवाडीच्या गंजिफांचे पत्ते करताना चिंचोक्याची खळ आणि वरून लाखेचा थर हीच जोडी वापरली जात आली आहे, आणि रंगीत, झिलईदार पृष्ठभागासाठी तिच्याइतका सोपा देशी मार्ग दुसरा सापडणे कठीण. साच्यावर आधी ओले सुती फडके पसरावे. लगदा वाळताना आकसतो, आणि मध्ये फडके नसेल तर तो साच्याला धरून राहतो व चिरतो. थर बोटभर जाडीपेक्षा जास्त नको. जाड थर बाहेरून वाळलेला दिसतो आणि आतून ओला राहून कुजतो. म्हणून माशाला जाडी हवी असेल तर एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा चढवावा. आधी दोन दिवस सावलीत आणि मग उन्हात वाळवावे. ठाण्याच्या पावसाळ्यात या कामाला हात घालूच नये. फाल्गुन ते वैशाख हा त्याचा काळ.

लाखेचे पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, शिंतोड्यांपासून राखण करते. मात्र तिच्यावर पाणी साचून राहिले तर पांढरे डाग उमटतात. जवसाचे तेल, ज्याला रंगारी बेलतेल म्हणतात, लगद्यात चांगले मुरते, पण ते वाळायला काही दिवस घेते. या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत. हे तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निर्माण होते आणि चुरगाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ती फडकी पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत. इंटरनेटवरच्या अनेक चित्रफितींत शेवटी सगळ्यावर एपॉक्सी ओततात आणि कुंडी पर्यावरणपूरक असल्याचे सांगतात. कागदाला न सुटणाऱ्या प्लॅस्टिकच्या कवचात कायमचे बंद केल्यावर तो ना कागद उरतो ना त्याचा पुन्हा लगदा होऊ शकतो, तेव्हा हा शब्द तेथे वापरू नये, असे आमचे मत आहे.

प्रश्न : घर बांधताना उरलेले जांभ्याचे चार चिरे अंगणात पडून आहेत. त्यांतला एक कोरून घरात झाड लावता येईल का? गवंडी म्हणतो की जुना चिरा आता फुटेल, कोरला जाणार नाही.
(एक वाचक, देवरुख)

उत्तर : गवंड्याचे म्हणणे बरेचसे खरे आहे. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि उघड्यावर हवा व ऊन लागल्यावर कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकानन या ब्रिटिश वैद्याने 1807 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारमधील या दगडाविषयी हेच नोंदवले आहे : खाणीत तो लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि पुढे विटेसारखा टणक होतो. आपला चिरा काही पावसाळे अंगणात काढून बसला असेल तर छिन्नीच्या मोठ्या घावाने तो पोकळ जागी दुभंगण्याची शक्यता आहे. शक्य असल्यास जवळच्या चिरेखाणीतून ताजा चिरा आणावा आणि आणल्या आठवड्यातच तासणीने व टाकीने त्याचे काम उरकावे. जुनाच वापरायचा असेल तर तो दिवसभर पाण्यात बुडवून ठेवावा, खोलगट भाग आधी जवळ जवळ भोके पाडून पोखरावा आणि मधल्या भिंती हलक्या हाताने काढाव्यात. कडेला किमान चार बोटे जाडी राहू द्यावी.

आकाराविषयी एक सूचना. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही. त्याची छिद्रे नक्षीच्या रेघा खाऊन टाकतात आणि मोराचा पिसारा काढायला जावे तर हाती खडबडीत उंचवटा राहतो. आपल्याच रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, जी कातळशिल्पे आहेत, त्यांतील हत्ती, मासे आणि माणसे ठळक बाह्यरेषेने आणि उथळ कोरण्याने उभी राहिली आहेत. ज्यांनी ती कोरली, त्यांना या दगडाची प्रकृती पक्की ठाऊक होती. चिऱ्याच्या दर्शनी बाजूस तशीच एखादी रुंद, साधी रेघ घ्यावी आणि बाकी दगड दगडासारखा राहू द्यावा.

घरातला खरा त्रास पाझरण्याचा. जांभा पाणी शोषतो आणि खालून सोडतो. त्यात लोह भरपूर असल्याने पांढऱ्या फरशीवर तांबूस डाग उमटतात आणि ते सहजी निघत नाहीत. चिऱ्याखाली दगडी किंवा पत्र्याची उथळ परात ठेवावी आणि तिच्यात चिरा थेट न टेकवता तीन छोट्या कपच्यांवर ठेवावा. नेचे, पेपरोमिया आणि शेवाळ यांना ही ओलसर, सच्छिद्र भिंत मानवते. त्यामुळे येथे आतल्या कुंडीची गरज नाही, मात्र तळाला बोट जाईल एवढे भोक हवेच. एका चिऱ्याचे वजन सहज 25-30 किलो भरते, त्यामुळे तो कोठे ठेवायचा हे कोरण्याआधी ठरवावे. भिंतीवरच्या फळीवर तर तो नकोच.

प्रश्न : सिमेंट, कोकोपीट आणि परलाइट (तापवून फुगवलेले हलके, पांढरे खनिज) मिसळून मी खडकासारख्या दिसणाऱ्या कुंड्या केल्या. दिसायला त्या सुंदर झाल्या, पण त्यांत लावलेल्या प्रत्येक रोपाची नवी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत घालूनही फरक नाही.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण वर्णन केलेले लक्षण लोहाच्या कमतरतेचे आहे, पण बहुधा मातीत लोह नसल्यामुळे नव्हे, तर माती अल्कधर्मी झाल्यामुळे मुळांना ते घेता येत नसल्यामुळे. ताज्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि त्याच्या पाण्याचा सामू (पीएच) 12 ते 13 पर्यंत जातो. खत वाढवून उपयोग नाही. रोपे काढून दुसरीकडे लावावीत आणि कुंड्या धुण्यास घ्याव्यात.

या पद्धतीला हायपरटुफा म्हणतात. उंच पर्वतांवरील छोट्या वनस्पती लावण्यासाठी इंग्लंडमधील बागप्रेमी जुन्या दगडी डोण्या वापरत. त्या दुर्मीळ झाल्यावर 1930 च्या दशकात त्यांची नक्कल म्हणून सिमेंटमध्ये पीट मिसळण्याची रीत पडली. तेथील पीट मॉस हे दलदलींत हजारो वर्षे साठलेले द्रव्य उपसून मिळते. आपल्याकडे त्याच्या जागी नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, वापरले जाते. हा बदल केवळ स्वस्त नाही, अधिक शहाणपणाचाही आहे. कोकोपीट मात्र आधी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावे, कारण सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवली असतील तर त्यात मीठ असते. प्रमाण साधारणतः एक भाग सिमेंट, दीड भाग कोकोपीट आणि दीड भाग परलाइट किंवा जाड वाळू असे ठेवावे. परलाइटऐवजी थर्माकोलचे मणी घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, कारण कुंडीची कड झिजली की ते मणी सुटून घरभर आणि पुढे गटारात जातात. सिमेंट आणि परलाइट दोन्हींची धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून कोरडे मिश्रण करताना तोंडाला मास्क आणि हातांत रबरी मोजे असावेत.

साच्यातून काढल्यावर कुंडी ओल्या गोणपाटाखाली 28 दिवस ठेवावी. इमारतीच्या कामावर याला क्युरिंग म्हणतात आणि तेथे ते जेवढे आवश्यक, तेवढेच येथेही. त्यानंतर ती पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवावी आणि पाणी दोन-तीन दिवसांनी बदलत राहावे. चुना सुटणे थांबले की नाही, हे पाहण्यासाठी सामू मोजणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्या नसतील तर स्वयंपाकघरातील हळद पुरेशी आहे. पांढऱ्या कागदावर हळदीचे पाणी लावून वाळवावे आणि त्यावर बादलीतल्या पाण्याचा एक थेंब व नळाच्या पाण्याचा एक थेंब शेजारी शेजारी टाकावा. चुन्याच्या पाण्याने हळद लाल होते, आणि आपल्याकडे हळदीचे कुंकू होते तेही याच गुणामुळे. दोन्ही थेंबांचा रंग सारखाच पिवळा राहू लागला की कुंडी लावण्यायोग्य झाली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे 7 ते 8 टक्के वाटा सिमेंटच्या उत्पादनाचा मानला जातो, त्यामुळे सिमेंटच्या कुंडीला केवळ तिच्यात कोकोपीट आहे म्हणून निसर्गस्नेही म्हणणे ओढून ताणून होते. तरीही ती करायचीच असेल तर पातळ करावी. गणपतीच्या विसर्जनानंतर बादलीत उरलेला शाडू येथे उत्तम उपयोगी पडतो. शाडूची न भाजलेली कुंडी पहिल्याच पाण्यात ढासळेल, पण शाडूचा गोळा हव्या त्या आकारात घडवून, तो थोडा घट्ट झाल्यावर त्यावर पातळ प्लॅस्टिक गुंडाळून वरून दोन बोटे जाडीचे मिश्रण थापले आणि ते घट्ट झाल्यावर आतला शाडू पाण्याने सोडवून काढला, तर बाजारात न मिळणारे आकार साधतात आणि शाडू पुढच्या साच्यासाठी परत मिळतो.

प्रश्न : आमच्या गल्लीत सतार-तंबोऱ्यांचे कारागीर आहेत. त्यांच्याकडील तडा गेलेले भोपळे मला मिळू शकतात. त्यांच्या कुंड्या होतील का?
(एक वाचक भगिनी, मिरज)

उत्तर : आपल्याला मिळणारे साहित्य इतरांना हेवा वाटावे असे आहे. पंढरपूरच्या बाजूच्या शेतांतून मिरजेत येणारे हे कडू भोपळे मुळात वाद्यासाठी वाढवलेले असतात. त्यामुळे आकाराने मोठे, भिंतीने जाड आणि वाळून खणखणीत झालेले असतात. भाजीच्या दुधीला घरी वाळवून एवढे कवच कधीच मिळत नाही. कापण्यापूर्वी कारागिराकडून एकदा तड्याची दिशा पाहून घ्यावी, कारण तडा देठाकडून निघाला असेल तर तो भाग कापून टाकता येतो आणि पोटातून गेला असेल तर भोपळा आडवा कापून त्याची उथळ परडी करावी लागते. आतील वाळलेला गर आणि पापुद्रे खरवडताना उडणारी धूळ घशाला आणि डोळ्यांना झोंबते, म्हणून ते काम उघड्यावर आणि तोंड बांधून करावे.

भोपळ्याचे कवच आतून पाण्यापुढे टिकत नाही, लवकर मऊ पडते. आतून मधमाशांचे मेण पातळ करून फिरवावे आणि तरीही झाड आतल्या कुंडीतच ठेवावे. गोल बूड असल्याने भोपळा लवंडतो, त्यावर पाणी आणणाऱ्या बायका डोक्यावर ठेवत तशी काथ्याची चुंबळ वळून तिच्यावर तो बसवावा. ती दिसायलाही शोभते आणि खालून हवा खेळू देते. बाहेरून रंग देण्याचा मोह शक्यतो टाळावा. भोपळ्याचा स्वतःचा मधाळ पिवळसर रंग लाखेच्या एका हाताने जेवढा खुलतो, तेवढा कोणत्याही ॲक्रिलिक रंगाने खुलत नाही. शिंक्यात टांगायचा असेल तर भोपळ्याला भोके पाडून दोर ओवू नये. दोराचे जाळे बाहेरून विणावे, नाही तर सगळा भार भोकांवर येऊन तडा वाढतो.

प्रश्न : मी भंगार बाजारातून लाकूड, पत्रा, फुटक्या फरश्या गोळा करून शिल्पे करतो आणि आता त्यांत झाडे लावू इच्छितो. कोणते साहित्य घ्यावे, कोणते टाळावे?
(एक वाचक, माझगाव, मुंबई)

उत्तर : चंदीगडच्या रस्ते विभागात नोकरी करणाऱ्या नेकचंद यांनी 1957 पासून फुटक्या बांगड्या, चिनी मातीची भांडी, फरश्या आणि बांधकामाचा कचरा गोळा करून गुपचूप जे शिल्पवन उभे केले आणि जे 1976 मध्ये रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुले झाले, ते पाहिलेल्या कोणालाही भंगाराची ताकद सांगावी लागत नाही. मात्र ते शिल्पवन उघड्यावर आहे. आपण घरात, जेथे मुले रांगतात आणि खिडक्या पावसाळ्यात बंद असतात, तेथे वस्तू आणणार आहात. म्हणून आधी काय टाळावे ते सांगतो.

घरांवरचे जुने सिमेंटचे नालीदार पत्रे कापू, घासू किंवा भोसकू नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असते, आणि त्याचे तंतू श्वासातून गेल्यास अनेक वर्षांनी फुप्फुसाचे गंभीर आजार, कर्करोगासह, उद्भवतात. पडलेल्या वाड्यांच्या आणि चाळींच्या दारे-खिडक्यांवरचे जुने रंग हा दुसरा धोका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण भारतात 90 पीपीएमवर (दहा लाख भागांत 90 भाग) आणणारा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते असे धरूनच चालावे. असे रंग कोरडे घासू नयेत. रंग सुंदर उडालेला असेल तर तो तसाच ठेवून वरून लाखेचे दोन हात द्यावेत आणि ती वस्तू मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी. कीटकनाशकांचे आणि रसायनांचे डबे, फुटलेल्या बॅटऱ्यांची खोकी आणि कापलेले टायर घरात आणू नयेत. टायरला बागेच्या कोपऱ्यात जागा असेल, पण तापलेल्या खोलीत त्याचा वास सुटतो आणि रबरातील जस्त मातीत उतरते.

बंदरातून येणाऱ्या मालाच्या खालची लाकडी पॅलेट मुंबईत, उरणला आणि भिवंडीत पुष्कळ मिळतात. परदेशातून आलेल्या पॅलेटवर भाजून उठवलेला शिक्का असतो. त्यात इंग्रजी एच आणि टी ही अक्षरे असतील तर ते लाकूड आतपर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवून निर्जंतुक केलेले आहे आणि ते निर्धास्त वापरावे. एम आणि बी ही अक्षरे असतील तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते सोडून द्यावे. मुंबई बंदराजवळच्या दारूखाना या भागात जहाजे मोडून निघालेले जाड पत्रे, साखळ्या आणि पितळी भाग शिल्पाला फार भारदस्तपणा देतात. लोखंड गंजणारच, तेव्हा गंज हा दोष न मानता तो खरवडून त्यावर बेलतेल द्यावे, म्हणजे तपकिरी रंग स्थिरावतो आणि हाताला लागत नाही. तांबे आणि पितळ, विशेषतः जुने बंब आणि घंगाळी, झाडाच्या मुळांना थेट लावू नयेत. ओल्या, आंबूस मातीत तांबे उतरते आणि मुळांना अपाय करते. त्यांत आतली कुंडी हवीच.

आमचा वैयक्तिक कल मात्र कौलांकडे आहे. बासेल मिशन या स्वित्झर्लंडमधील ख्रिस्ती मिशनने 1865 मध्ये मंगलोरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या धाटणीची कौले पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी चढली. आज त्या घरांवर स्लॅब पडत असल्याने कौले रचून ठेवलेली दिसतात आणि भाड्याच्या खर्चापुरत्या पैशांत मिळतात. भाजलेली माती कुजत नाही, विष सोडत नाही, मुळांना हवा देते, आणि तिच्यावर कोणत्याही लेपाची गरज पडत नाही. कुंभारी नळीची कौले मिळाली तर ती आतल्या कुंडीभोवती उभी रचून तांब्याच्या तारेने आवळावीत. खिळा नाही, सिमेंट नाही, आणि कंटाळा आला की सोडून दुसरा आकार करता येतो. भोक पाडायचे असल्यास कौल आधी भिजवावे आणि ड्रिलची ठोक बंद ठेवून, पाण्याची धार सोडत सावकाश पाडावे.

प्रश्न : किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडे, पोवळी आणि जाळीदार पंख्यासारखी झाडे गोळा करून त्यांच्या कुंड्या करण्याचा बेत आहे. काही अडचण?
(एक वाचक भगिनी, मालवण)

उत्तर : लाकडाला अडचण नाही. ते काही आठवडे गोड्या पाण्यात, पाणी बदलत, बुडवून ठेवावे, म्हणजे मीठ निघून जाईल. मीठ राहिले तर लाकूड दमट हवेत सदैव ओले राहते आणि मुळांना जाळते. पोवळी आणि आपण ज्याला पंख्यासारखी झाडे म्हणता ते समुद्रपंखे मात्र प्राणी आहेत, झाडे नव्हेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा 2001 मध्ये समावेश झाला असून ती मेलेली आणि वाहून आलेली असली, तरी घरात बाळगणे गुन्हा ठरतो. वास्तुदोषावर उपाय म्हणून इंद्रजाल या नावाने विकली जाणारी वस्तू बहुधा हीच असते. ती विकतही घेऊ नये.

प्रश्न : भोक नसलेल्या शोभेच्या कुंडीत तळाशी खड्यांचा थर घातला की पुरे, असे सर्वत्र वाचायला मिळते. तरीही माझी रोपे कुजतात. शिवाय बशीत डास होतात.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : खड्यांच्या थराने निचरा सुधारत नाही. बारीक कणांच्या मातीतून पाणी मोठ्या फटींच्या खड्यांत सहजी उतरत नाही. माती पूर्ण भरेपर्यंत ते खड्यांच्या वरच अडून राहते, म्हणजे ओला पट्टा होता तेवढाच राहून मुळांच्या अधिक जवळ येतो. भोक पाडावे, आणि ते शक्य नसेल तर आतली कुंडी वापरावी. बाहेरील कुंडीच्या तळाशी खडे ठेवायचे असतील तर ते केवळ आतली कुंडी उचलून धरण्यासाठी. तेथे पाणी दिसले तर ओतून टाकावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळी हवेत आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी राहिली तरी कित्येक महिने जगतात, त्यामुळे बशी नुसती रिकामी करून भागत नाही, ती आठवड्यातून एकदा घासावी लागते.

प्रश्न : अशा कुंड्यांत नेमकी कोणती झाडे लावावीत? घरात मांजर आहे.
(एक वाचक भगिनी, कोल्हापूर)

उत्तर : शिल्पाचा आकार गुंतागुंतीचा असेल तर झाड साधे, उभ्या पानांचे घ्यावे. आकार साधा असेल तर लोंबते. स्नेक प्लांट आणि झेडझेड प्लांट कमी उजेडात आणि काही आठवडे पाणी घालायचे विसरले तरीही तग धरतात, म्हणून ती कागदाच्या व भोपळ्याच्या कुंड्यांसाठी सर्वांत सोयीची. मात्र मनीप्लांट, सिंगोनियम आणि झेडझेड प्लांट यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ती चावल्यास मांजराच्या तोंडाची आग होते. स्नेक प्लांटही मांजराला बाधतो. आपल्या घरासाठी स्पायडर प्लांट, पेपरोमिया किंवा बोस्टन फर्न निवडावे. स्पायडर प्लांटची पाने मांजर कुरतडेल, पण त्याला विशेष अपाय होणार नाही. कुंडी जड बुडाची असावी हेही मांजराच्याच हिशेबाने पाहावे.

प्रश्न : मी केलेल्या कुंड्या प्रदर्शनात विकू इच्छिते. किंमत कशी ठरवावी आणि ग्राहकाला काय सांगावे?
(एक वाचक भगिनी, फोंडा, गोवा)

उत्तर : साहित्य फुकट मिळाले म्हणून किंमत पडती ठेवू नये. आपला वेळ, वाळवण्यात आणि धुण्यात गेलेले आठवडे, आणि वाटेत तडकलेल्या कुंड्या यांचा हिशेब तिच्यात असावा. झाडासह विकण्यापेक्षा रिकामी कुंडी विकावी, कारण प्रदर्शनाच्या मांडवात चार दिवस उकाड्यात राहिलेले रोप ग्राहकाच्या घरी मरते आणि दोष कुंडीला लागतो. सोबत एका चिठ्ठीवर ती कशाची केली, वरून कोणता लेप दिला, आत कोणत्या मापाची कुंडी बसते आणि ती ओल्या जागी ठेवता येते की नाही, एवढे स्वच्छ लिहून द्यावे. सिमेंटची कुंडी असेल तर ती किती दिवस धुतली हेही लिहावे. लगद्याच्या कुंडीत थेट माती भरू नये, हे वाक्य मात्र चिठ्ठीवर न लिहिता कुंडीच्या आतल्या बाजूस ठळक रंगवावे, कारण चिठ्ठ्या पिशवीबरोबर फेकल्या जातात.